माकड मेलं तर आधी कळवा



काजूच्या बागांत आता बोंडू पिकायला लागतील. सकाळी लवकर बागेत जायचं, झाडाखाली पडलेले बोंडू गोळा करायचे आणि तिथेच पातेऱ्यात बसून पिरगळून बी वेगळी करायची, हे आपल्या दोडामार्ग-बांद्याकडचं ऐन हंगामातलं काम. माकडतापाचेही दिवस नेमके हेच.

हा रोग मूळचा आपल्याकडचा नाही. १९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि त्यांच्या पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, या तापाचा विषाणू शोधून काढला. बरीच वर्षं तो कर्नाटकातच होता. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात त्याची साथ आली, २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात. सह्याद्रीचं रान सलग आहे, रोगाला वाट शोधावी लागली नाही.

माकडाच्या नावाने हा ताप ओळखला जात असला, तरी माणसाला तो देते गोचीड. तीही गुरांच्या कानात दिसते तशी टपोरी नव्हे. हिचं पिल्लू तिळापेक्षा बारीक असतं, पातेऱ्यात दिसतही नाही. पायावरून चढून मांडीच्या सांध्यात, काखेत, कमरेशी चावतं आणि पुष्कळदा चावलेलं कळतही नाही. माकड या रोगाने मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी गळून आजूबाजूच्या पातेऱ्यात पडतात. म्हणजे मेलेल्या माकडाभोवतीची जागाच धोक्याची होते.

म्हणून आज माझी सर्वांत मोठी विनंती या माकडाबद्दल आहे. आपल्याकडे माकड म्हणजे मारुतीचं रूप. मेलेलं दिसलं की चार माणसं जमतात, उचलतात, फुलं वाहून पुरतात. या भावनेचा मला आदर आहे. पण उचलणाऱ्या त्या चौघांच्या अंगावर काय चढलं असेल, याचा विचार करा. तर कुणी, नारळ-केळी फस्त करणारं एक कमी झालं म्हणत, ते ओढ्यात ढकलून देतं. दोन्हीकडे परिणाम तोच. रोग गावात आल्याची खबर तिथेच गडप होते. तेव्हा हात लावू नका, बघायला गर्दी करू नका, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा आणि लगेच आशाताईंना, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. मग त्या जागेवर औषधाची भुकटी टाकता येते, माकडाची तपासणी होते आणि वाडीत कुणाला ताप आहे का, हे घरोघर पाहता येतं. काही दिवस त्या बाजूची बाग सोडावी लागेल. हंगामात हे जड जातं, हे मला ठाऊक आहे, तरीही सोडा.

बागेत जाताना अंगभर कपडे घाला, विजारीचं टोक मोज्यात खोचा, आरोग्य केंद्रात अंगाला लावायचं तेल मिळतं का विचारा. पातेऱ्यात थेट बसू नका. बी वेगळी करण्याचं काम खळ्यात आणून केलंत तर फारच बरं. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि साबण लावून आंघोळ करा. गोठ्यात अंथरायला रानातला पातेरा या दिवसांत आणू नका.

गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप येतो. डोकं आणि अंग विलक्षण दुखतं, काहींना उलट्या होतात, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं. ताप उतरून पुन्हाही येऊ शकतो. यावर नेमकं औषध नाही, पण वेळेवर दवाखान्यात आलेली बहुतेक माणसं बरी होतात. दुकानातून दुखण्याची गोळी आणून परस्पर घेऊ नका. काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. घरातल्या माणसाने रुग्णाजवळ बसायला मात्र घाबरू नये, हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही.

आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा, की मी काजूच्या बागेत जातो, आणि आमच्याकडे माकड मेलं होतं. रक्ताची कोणती तपासणी करायची, हे त्यांना त्यावरून लगेच ठरवता येतं.