अथेन्सहून पेत्राला जायचं ठरवलं तर



गेले तीन महिने आमच्या प्रभाग संघात एकाच विषयावर चर्चा चालली आहे. आपल्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. माणसं हॉटेलात उतरतात आणि आपल्या वाट्याला येतात त्या कोकम सरबताच्या चार बाटल्या आणि फणसपोळीची दोन पाकिटं. मग आपल्याच घरातली एक खोली नीटनेटकी करून पाहुणे का ठेवू नयेत? पाच गटांनी तशी मागणी केली आहे. पण खोलीला लागून संडास-न्हाणीघर बांधायचं तर कर्ज काढावं लागणार. कर्जाचं नाव निघालं की बैठकीत एकदम शांतता होते. पाहुणा आलाच नाही तर हप्ता कोण भरणार, हा प्रश्न प्रत्येकीच्या डोळ्यांत दिसतो.

म्हणून आम्ही जरा उलटीकडून विचार करायचं ठरवलं. घरमालकीण होण्याआधी पाहुणी होऊन बघू. कुठं तरी लांब, जिथलं काहीच ठाऊक नाही अशा गावाला जायचं आहे असं धरायचं आणि सगळा बेत कागदावर मांडायचा. गाव निवडलं ते ग्रीस देशातलं पेत्रा. भूमध्य समुद्राचा जो भाग एजियन म्हणून ओळखतात, त्यातल्या लेस्बोस बेटावर ते आहे. तिथले लोक बेटाला लेस्वोस म्हणतात, आणि बरेचदा मुख्य शहराच्या नावावरून नुसतं मितिलीनी. आपण नाही का तालुक्याच्या गावालाच तालुका म्हणत! हेच गाव का घेतलं, ते पुढं सांगतो.

आधी कागदपत्रं. पासपोर्ट काढायचा तर ३६ पानी पासपोर्टाची साधी फी १५०० रुपये. ग्रीस शेंगेन गटात आहे, म्हणजे एका व्हिसावर त्या गटातल्या सगळ्या देशांत फिरता येतं, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. व्हिसाची फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवासातल्या आजारपणाचा विमा. हे लिहिता लिहिता गाडी अडली ती नावावर. बसलेल्या चौदा जणींपैकी नऊ जणींचं आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि बँकेत तिसरंच. पासपोर्ट राहू दे, कर्जाच्या अर्जालाही हेच आडवं येणार. ग्रीसमध्ये १९८३ साली कुटुंब कायदा बदलला, तेव्हापासून लग्नानंतरही बाईचं कागदोपत्री नाव माहेरचंच राहतं. हे ऐकून आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, “मग तिकडे निम्मे अर्ज वाचत असतील.”

आता अथेन्सपर्यंत पोचलो असं धरा. अथेन्स ही राजधानी. तिथून बेटावर जायला दोन वाटा. विमानानं तासाभराच्या आत पोचता येतं. आम्ही सगळ्यांनी मात्र हात वर केले ते बोटीला. अथेन्सचं बंदर म्हणजे पिरेअस. अथेन्स आणि पिरेअस यांच्यामध्ये १८६९ पासून रेल्वे आहे, आणि आता विमानतळावरून थेट मेट्रोही पिरेअसला जाते. बंदर इतकं मोठं की वेगवेगळ्या बेटांच्या बोटी वेगवेगळ्या दरवाजांपाशी लागतात. त्या दरवाजांना क्रमांक आहेत, आणि चुकीच्या दरवाजाशी उतरलं तर सामान घेऊन बरंच चालावं लागतं. तेव्हा आपली बोट कुठल्या दरवाजाची ते निघायच्या आधी बघून ठेवायचं.

बोट साधारण संध्याकाळी किंवा रात्री सुटते आणि अकरा-बारा तासांनी मितिलीनीला लागते. तिकिटाचे प्रकार तीन. नुसतं डेकचं, पाठ टेकायच्या खुर्चीचं आणि झोपायच्या केबिनचं. डेकचं सगळ्यात स्वस्त. आमच्या संघातल्या दोन आज्यांना पूर्वीची भाऊच्या धक्क्यावरून कोकणात येणारी बोट आठवते. वळकटी पसरून डेकवर झोपायचं, पहाटे बंदराचे दिवे दिसले की उठायचं. त्यांनी डेकचंच तिकीट काढलं! बाकीच्यांनी खुर्चीचं. वाटेत बहुतेक बोटी खिऑस बेटावर थांबतात. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात रुमी मस्तकी मिळते ना, तो डिंक याच बेटाच्या दक्षिण भागातला.

कधी जायचं, यावर मात्र खूप वेळ गेला. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून जोराचा वारा सुटतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. वारा मर्यादेपलीकडे गेला की बोटींना बंदर सोडायला मनाई होते. मग तिकीट हातात असून माणूस बंदरावर. त्यात १५ ऑगस्ट. आपला स्वातंत्र्यदिन, त्यांचा मेरीमातेचा मोठा सण. अर्धं अथेन्स गावाकडे निघतं. आपल्याकडे गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळायची जी गत, तीच तिथं बोटीची. हिवाळ्यात जावं तर गर्दी नाही, पण खानावळी आणि खोल्या बऱ्याचशा बंद. शेवटी मे अखेर ते जून ठरलं. त्यात परत बोटीच्या दिवशीच विमानाचं परतीचं तिकीट ठेवायचं नाही, मधे एक दिवस मोकळा सोडायचा, हे एका मुलीनं सुचवलं. तिचा नवरा मच्छीमारी बोटीवर आहे. वाऱ्याचा हिशेब तिला सांगावा लागत नाही.

मितिलीनीला उतरलं की पेत्रा अजून साठएक किलोमीटर. बेट मोठं आहे, ग्रीसमधलं तिसऱ्या क्रमांकाचं. रस्ता ऑलिव्हच्या बागांमधून जातो. बस आहे, पण ठरावीक वेळांनाच, आणि रविवारी कमी. बोट सकाळी लागणार, बस किती वाजता, मधल्या वेळात पिशव्या कुठं ठेवायच्या, पोचल्यावर कुणाला फोन करायचा आणि ती व्यक्ती उचलेल का? इथं पोचेपर्यंत आमच्या वहीचं पान भरलं होतं. बघा, आतापर्यंत खोलीतल्या गादीबद्दल किंवा पडद्याबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता. आम्ही मात्र कर्ज कशाला हवं म्हणून विचारलं की सगळ्या जणी आधी गादी आणि पडदेच सांगतात. पाहुण्याला पहिली काळजी असते ती शेवटच्या दहा किलोमीटरची. आपल्या वाडीवर शेवटची एसटी किती वाजता येते, रिक्षा मिळते का, रेंज कुठल्या वळणावर जाते, हे कागदावर लिहून पाहुण्याला निघण्याआधीच पाठवलं तर फुकटात निम्मं काम होतं.

आता पेत्रा कशासाठी, ते. गावाच्या मधोमध एक उंच खडक आहे, त्यावर मेरीमातेचं देऊळ, आणि वर जायला खडकात कोरलेल्या ११४ पायऱ्या. पेत्रा म्हणजेच दगड. या गावातल्या बायकांनी १९८३ साली आपली सहकारी सोसायटी काढली, ग्रामीण पर्यटनासाठी. ग्रीसमधली बायकांची अशी ही पहिलीच. तोवर त्यांच्यातल्या बहुतेकींच्या हातात स्वतःचा पैसा नसायचा. शेतात आणि घरात राबायचं, बस. त्यांनी स्वतःच्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पाहुण्याचं बोलणं सोसायटीच्या कार्यालयाशी व्हायचं, एकटीदुकटीशी नाही. भाड्यातला थोडा हिस्सा सोसायटीला जायचा. पुढं गावात सगळ्यांनी मिळून खानावळ चालवली, आणि मुरंबे विकले. तिकडे पाहुणा आला की छोट्या बशीत चमचाभर पाकातलं फळ आणि पेलाभर गार पाणी देतात. कधी चेरी, कधी कडू संत्र्याची साल, कधी कोवळा अक्रोड. आपला मोरावळा आणि गूळ-पाणी एकत्र केल्यासारखं. हंगाम सहा-एक महिन्यांचाच, तेव्हा बरण्यांचाही आधार असतो.

हे ऐकून कुणी म्हणेल, तिकडच्या बायका पुढारलेल्या. तसं नाही. १९८३ पर्यंत ग्रीसमध्ये हुंडा कायद्यानं मान्य होता. त्याच वर्षीच्या त्या कायद्यानं तो रद्द झाला. पण यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एजियन बेटांवर पुष्कळ ठिकाणी हुंडा म्हणून मुलीला घर द्यायची रीत होती, आणि लेस्बोसवरही ती होती. म्हणजे ज्या घरातली खोली ती पाहुण्याला द्यायची, ते घर बरेचदा तिच्या आईबापांकडून तिच्याकडे आलेलं. हुंड्याचं गुणगान करायचं नाही आम्हाला, आपल्याकडे हुंड्यानं किती जणींचे जीव घेतले ते आपण जाणतो. सांगायचं एवढंच की खोली भाड्यानं द्यायची म्हटली की घर कुणाचं हा प्रश्न लगेच येतो. आमच्या पाच गटांत बासष्ट बायका आहेत. त्यांतल्या आठ जणींचंच नाव घराच्या नमुना ८ वर आहे. बाकीच्यांची घरं सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या किंवा मुंबईतल्या दिराच्या नावावर. राबायचं हिनं, हप्ता हिच्या गटानं भरायचा, आणि उद्या दीर गणपतीला येऊन म्हणाला की खोली रिकामी करा, तर? म्हणून आमचं मत असं की कर्जाचा अर्ज करण्याआधी ग्रामपंचायतीत नवऱ्याबरोबर आपलं नाव लावून घ्या. ज्यांच्या घरात ते जमत नसेल त्यांनी निदान सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. यावरून काही घरांत रुसवेफुगवे झाले आहेत, हे आम्हाला माहीत आहे. तरीही मत तेच.

दुसरा वाद पाहुणे कुणाच्या घरी पाठवायचे याचा. रस्त्यालगतच्या बायका म्हणतात, ज्याला जी खोली आवडेल ती त्यानं घ्यावी. वरच्या वाडीतल्या म्हणतात, मग आमच्याकडे कोण चढून येणार? आम्हाला पाळी लावणंच बरं वाटतं, पण आंधळी पाळी नको. स्वच्छ संडास, चोवीस तास पाणी, आतून लागणारी कडी, धुतलेलं अंथरूण-पांघरूण आणि रात्री पायवाटेवर दिवा. एवढं ज्या घरात आहे त्यांचीच नावं पाळीत. तपासायला दुसऱ्या गटातल्या दोघी जातील, जावा-नणंदा नाहीत.

आणि कर्जाची भीती. ती काढून टाका असं आम्ही सांगणार नाही, कारण ती खरी आहे. २०१५ साली तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून लेस्बोसवर रबरी होड्यांतून पाच लाखांच्या वर निर्वासित उतरले. बेटाच्या उत्तर टोकाला समुद्र अवघा दहाएक किलोमीटर रुंद. तिथल्या एका कोळीवाड्यातल्या तीन आज्या बाकावर बसून भिजलेल्या आईचं तान्हं बाळ मांडीवर घेऊन त्याला बाटलीनं दूध पाजत होत्या, तो फोटो जगभर छापला गेला. नोबेल शांतता पुरस्कारासाठी बेटावरच्या लोकांची नावंही सुचवली गेली. बेटाचं असं कौतुक झालं, पण पुढच्या उन्हाळ्यात पर्यटक एकदम घटले. बेटावरच्या बायकांचा त्यात काय दोष? आपल्याकडे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी, ३ जूनला निसर्ग वादळ, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. ज्यांनी तेव्हा नुकत्याच खोल्या बांधल्या होत्या त्यांना विचारा. म्हणून हिशेब करताना आम्ही पाहुण्यांचं उत्पन्न हप्त्यात धरायचं नाही असं ठरवलं आहे. हप्ता आपल्या मासळीच्या, कोंबड्यांच्या, मसाल्याच्या पैशातून निघेल एवढंच कर्ज. खोलीचा पैसा येईल तो वरचा. त्यानं पहिली खोली साधी होईल, पण रात्रीची झोप जाणार नाही. ग्रीसमध्ये पेत्रानंतर बायकांच्या बऱ्याच सोसायट्या निघाल्या. काही टिकल्या, काही बंद पडल्या, आणि कित्येक ठिकाणी म्हाताऱ्या झालेल्यांच्या जागी तरुण पोरी आल्याच नाहीत. तेव्हा लेकी-सुनांना आत्तापासून हिशेबाला बसवा.

सरकारी बाजूही थोडक्यात. पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात घराची नोंदणी करता येते. २०२३ च्या ‘आई’ धोरणात महिला पर्यटन उद्योजकांना १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावर व्याजाचा परतावा आहे. परतावा म्हणजे आधी आपण भरायचं, मग मिळायचं, हे नीट समजून घ्या. परदेशी पाहुणा आलाच तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. ते कसं करायचं ते संघाच्या मुली शिकवतील.

पुढची बैठक मंगळवारी दुपारी अडीच वाजता, शाळेच्या मागच्या खोलीत. येताना नमुना ८ चा उतारा आणा, घर कुणाच्याही नावावर असलं तरी. शेवटच्या एसटीची वेळही लिहून आणा. त्याच दिवशी तीन घरं बघायची आहेत, वरच्या वाडीपासून सुरुवात. मोजपट्टी आम्ही आणतो.