दुखतं ते सांगा, गोळी सोडू नका

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



कापसाचं आणि ज्वारीचं बाकीचे बोलतील. मी बोलणार आहे ते शिवार सोडून गेलेल्या आपल्या पोरांबद्दल. पाऊस दगा देतो, कोरडवाहू रानात सगळ्यांचं भागत नाही, मग घरातला एक जण रेल्वेत बसतो आणि कल्याणला उतरतो. कोणी भिवंडीच्या गोदामात हमाली करतो, कोणी डोंबिवलीच्या एमआयडीसीत लागतो, कोणी ठाण्यात बांधकामावर जातो. एका खोलीत सात-आठ जण झोपतात. ऊन नाही, वारा नाही. टीबीच्या जंतूला आणखी काय पाहिजे?

माझा पुतण्या असाच गेला. राहायला कल्याण पूर्वेला, कामाला भिवंडीत. खोकला हटेना, संध्याकाळी ताप, अंगावरचं मांस उतरलं. तपासणीत टीबी निघाला. गोळ्या सरकारी, फुकट. पंधरा दिवसांत ताप गेला, भूक लागली. फोनवर म्हणाला, "काका, आता बरा आहे." आणि पुढच्याच आठवड्यात गुडघे धरले. मग खांदे, मग बोटांचे सांधे. पाठीवर पोतं घेणारा पोरगा, त्याला जिना उतरवेना. हमालीत खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले. कुणीतरी सांगितलं म्हणून दुकानातून दुखण्यावरच्या गोळ्या आणून खाल्ल्या. शेवटी त्यानं आपला हिशेब मांडला: टीबीची गोळी घेतली की दुखतं, नाही घेतली की उतरतं. मग गोळीच बंद.

वेचणीला तो गावी आला तो खोकतच आला. घरात दोन वर्षांची नात.

मी विचारलं, "अरे, दवाखान्यात सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "फुकटच्या गोळ्या काका. त्यात दुखतं म्हणून कुठं तक्रार करायची? सोसायचं."

भावांनो, हे "सोसायचं" त्याला कुणी शिकवलं? आपणच शिकवलं. फवारा मारल्यावर कपाशीची पानं करपली तर आपण पान तोडून खिशात घालतो, कृषी केंद्रावर जातो आणि चार माणसांत ते पान दाखवतो. बैल लंगडला तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे नेतो. फक्त स्वतःचा गुडघा कुणाला दाखवत नाही.

आता त्या दुखण्याचं कारण ऐका. साध्या टीबीला सहा महिने औषध असतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. पहिल्या दोन महिन्यांतलं एक औषध म्हणजे पायराझिनामाइड. शरीरातलं युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर जातं. हे औषध ते अडवून धरतं. ते रक्तात साठतं आणि काहींचे सांधे दुखतात. बहुतेकांचं दुखणं डॉक्टरांनी दिलेल्या साध्या गोळीनं आटोक्यात येतं, आणि दोन महिन्यांनी ते औषधच बंद होतं. म्हणजे माझ्या पुतण्याला आणखी पाच-सहा आठवडेच काढायचे होते. एवढं एक वाक्य त्याच्या कानावर पडलं असतं, तर त्यानं गोळी सोडली नसती.

दुसरं औषध आयसोनियाझिड. त्यानं काहींच्या तळपायांची आग होते, मुंग्या येतात. ते शरीरातलं ब-६ जीवनसत्त्व कमी करतं म्हणून असं होतं. दारू पिणारा, साखरेचा आजार असलेला, पोटाला पुरेसं न मिळणारा, गरोदर बाई, यांना धोका जास्त. उपाय काय, तर ब-६ ची छोटी गोळी. पण आग होते हे सांगितल्याशिवाय डॉक्टरला कसं कळणार? रिफॅम्पिसिननं लघवी केशरी होते, त्याला घाबरायचं कारण नाही. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, अन्नावरची वासना गेली, बरगडीखाली उजवीकडे दुखू लागलं किंवा नजर अंधुक झाली, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषध थांबवायचं की बदलायचं, हे डॉक्टर ठरवतील.

सांगून काय होतं, असं कुणी म्हणेल. पूर्वी औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला कॅनामायसिनची सुई महिनोन्‌महिने टोचत. सुईची जागा ठणके, आणि कित्येकांचे कान गेले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन या तरुणीची ऐकण्याची शक्ती २०१३ साली अशीच गेली. ती गप्प बसली नाही, जाहीर बोलत राहिली. देशोदेशीचे रुग्ण बोलले, उपचारांची आकडेवारी पुढे आली, आणि २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की या उपचारात कॅनामायसिन वापरू नये. आज त्या टीबीलाही तोंडानं घ्यायच्या गोळ्यांचे उपचार आहेत. दुखणं नोंदलं गेलं म्हणून औषध बदललं.

आपल्या देशात अशा नोंदी ठेवण्याचा सरकारी कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. औषधानं त्रास झाला तर रुग्ण स्वतः कळवू शकतो. त्याचा फॉर्म मराठीत आहे, फोन फुकट आहे: १८००-१८०-३०२४. कोणतं औषध, कधी सुरू केलं, त्रास कधी झाला, एवढं सांगायचं. नाव गुप्त राहतं. पण आधी आपल्या डॉक्टरला, आशाताईला सांगा. फोन काही गुडघा बरा करणार नाही. तो पुढच्या माणसासाठी आहे.

आणि पोराचा खाडा पडतो त्याचं काय? टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १,००० रुपये खात्यावर मिळायचे आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून वाढली. हमालीची मजुरी त्यात भरून निघत नाही, हे मलाही कळतं. म्हणून ते दोन महिने घरानं त्याच्याकडून पैशाची अपेक्षा धरू नये. उलट जमेल ते त्याला पाठवावं.

पुतण्याचं औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं आहे. नातीला टीबी निघाला नाही, पण होऊ नये म्हणून तिलाही औषध चालू आहे. दोन वर्षांचं पोर रोज तोंड वाकडं करून ते गिळतं. पुतण्या समोर बसून बघतो. त्याला आता कुणी काही समजावून सांगायची गरज उरलेली नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक काम करा. कल्याण, डोंबिवली, ठाणे, जिथं तुमचं पोर असेल तिथं फोन लावा. पैसे कधी पाठवतोस, हे नंतर विचारा. आधी विचारा, "बाबा, काही दुखतंय का?" आणि तो "काही नाही" म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारा.