वजनकाट्याला न दिसणारा मेद



स्थूलता म्हटली की आपल्यापुढे वजनाचा काटा उभा राहतो. या समजुतीला धक्का देणारे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के भरला!

हा मेद स्वस्थ बसत नाही. मेदपेशी रक्तात संप्रेरके सोडीत असतात. त्यांपैकी ॲडिपोनेक्टिन हे इन्सुलिनचे साहाय्यक. पोटातील मेद वाढला की नेमके तेच घटते. उलट, शरीरातील मंद दाहाची खूण असलेले सी-रिॲक्टिव्ह प्रथिन वाढू लागते. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. रक्तातील साखर वाढलेली दिसते ती बहुधा या सर्वांच्या मागाहून, कित्येक वर्षांनी.

आता आहाराविषयी. ‘आम्ही तेल-तूप फारसे खात नाही, मग रक्तात चरबी कशी?’ हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. गरजेहून अधिक पिष्ट व साखर पोटात गेली की यकृत तिचेच ट्रायग्लिसराइड बनविते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. त्यांत पांढरा भात, दळलेले धान्य आणि वरची साखर यांचाच भरणा. (आपल्या सभांतील गोड चहा आणि बिस्किटेही त्यातच आली.) पानातील भात थोडा कमी करून मटकीची उसळ, डाळ वा अंडे वाढले तर खर्चही फारसा वाढत नाही.

याचा उपयोग होतो काय? मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. नेहमीसारखे वागणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना सुमारे तीन वर्षांत मधुमेह जडला. आहार व व्यायाम सांभाळणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के राहिले. विशेष असे की, या दुसऱ्या गटाचे वजन म्हणण्यासारखे घटलेच नव्हते. काटा हलला नाही म्हणून पथ्य सोडणाऱ्यांना हे अवश्य सांगावे. शिंप्याची फीत काट्याहून अधिक सांगते: कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर रक्ततपासणी करून घ्यावी.

एक सावधगिरी मात्र हवी. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात असे आढळले की, कृश मातांची कमी वजनाची बालकेही त्या मानाने मेद अधिक घेऊनच जन्मतात. तेव्हा स्थूलतेवर बोलताना गावातील गरोदर स्त्रीच्या ताटातले काही कमी होणार नाही, हे पाहावे. तिच्या ताटात डाळ, दूध आणि पालेभाजी वाढलीच पाहिजे.