डबक्याविना वाढणारा बेडूक

बेडूक म्हटलं की डबकं आलंच, अशी आपली पक्की समजूत असते. कोयना आणि चांदोलीच्या रानातले झुडपी बेडूक या समजुतीत बसत नाहीत. अंगठ्याच्या पेराएवढा हा जीव पावसाळ्यात पानावर किंवा पाचोळ्यात अंडी घालतो आणि काही आठवड्यांनी त्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर पडतो. पोहणारं, शेपटीचं पिल्लू मधे येतच नाही. आंबोलीचा उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो, कारण त्याच्या पिल्लांना शेवटी खालच्या पाण्यात पडायचं असतं. झुडपी बेडकांना तेवढंही पाणी लागत नाही. म्हणून कोयना धरणाचा शिवसागर जलाशय तुडुंब भरला, वारणेवरचं चांदोली धरण भरलं, तरी यांच्या पदरात काही पडत नाही. यांना हवी असते ती पानावरची ओल, आणि ती टिकवते झाडांची सावली.

कोणी म्हणेल, कोयनानगरला वर्षाकाठी सुमारे 5000 मिलिमीटर पाऊस होतो, तिथे ओलीची काय वाण? पण पाऊस सलग पडत नाही. ऐन श्रावणात आठवडाभर उघडीप मिळाली की मोकळ्यावरच्या झुडपाचं पान उन्हाने कोरडं पडतं, आणि त्यावरची अंडी सुकतात. जांभूळ-अंजनीच्या दाट रानात मात्र तीच उघडीप निभावून जाते. एकूण पावसाच्या आकड्यावरून या बेडकाचं भवितव्य ठरवता येत नाही ते यामुळेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, 2012 मध्ये कास, कोयना आणि चांदोली जागतिक वारशाच्या यादीत गेली; मग आणखी काय हवं? हे संरक्षण मोलाचंच आहे, आणि त्यासाठी गावंच्या गावं उठली याचा विसर पडता कामा नये. पण हद्दीबाहेर मालकीची रानं आहेत, देवराया आहेत, आणि वणवा हद्द विचारत नाही. नवं गवत जोमाने फुटतं या समजुतीने उन्हाळ्यात डोंगर पेटवले जातात. आग रानाच्या कडेने आत शिरते, पाचोळा जळतो, आणि त्या पाचोळ्यातच कोरडे महिने काढणारे बेडूक होरपळतात. जनावरांना चारा लागतो, हे खरं. पण त्यासाठी रानाची कड जाळावी लागत नाही. पाटण आणि शिराळ्याच्या गावांनी वन खात्याच्या जोडीने, गवत वाळून खडखडीत होण्याआधीच, रानाभोवती आग अडवणाऱ्या जाळरेषा काढून घ्याव्यात.