गोधडीचं दुसरं टोक



शरद ऋतूतल्या घरगुती आनंदावर बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी लगेच होकार दिला. कवीला शरद म्हटलं की चांदणं आठवतं. चांदण्यावर बोलायला माझ्याजवळ पुष्कळ होतं. पण घरी गेल्यावर बायकोला हे सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘चांदण्याचं काय बोलता? धुण्याचं बोला. आश्विनात चांदण्यापेक्षा ऊन जास्त कामाला येतं.’ तीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट मी शिकलो आहे. असं काही ऐकलं की वाद घालायचा नाही. म्हणून आज मी चांदण्याकडे थोडी पाठ करून उन्हाबद्दल आणि धुण्याबद्दल बोलणार आहे.

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने. कालिदासानं ‘ऋतुसंहारा’च्या तिसऱ्या सर्गात शरद रंगवला आहे. पण आमच्या सोलापूरकडचा शरद थोडा वेगळा. मृगापासून सगळा महाराष्ट्र भिजत असतो तेव्हा आमच्याकडे पुष्कळदा ढग नुसतेच वरून निघून जातात. आमचा जिल्हा रब्बीचा. आमचा भरवसा परतीच्या पावसावर. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हस्त नक्षत्र लागतं. त्याला आमचे लोक ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात. तो पडला की खोल काळी जमीन पोटभर पाणी पिऊन घेते आणि त्या ओलीवर शाळू उभा राहतो. त्यामुळे इतरांच्या दृष्टीनं शरद म्हणजे पावसाचा शेवट असला, तरी आमच्या दृष्टीनं ती पेरणीची सुरुवात असते. मग आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. खाली जमीन ओली, वर ऊन कडक, त्यामुळे हवा दमट होते आणि अंगातून घामाच्या धारा लागतात. शहरातले लोक त्याला ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून नावं ठेवतात. माझी अम्मा त्याच उन्हाची वर्षभर वाट पाहायची.

माझं लहानपण मंगळवेढा तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. घर माळवदाचं. अब्बा शिंपीकाम करायचे. गल्लीत आमचं एकच घर मुसलमानाचं आणि भिंतीला भिंत लागून आक्काचं घर. आक्का शेतकरणीच्या घरातली, अम्माच्याच वयाची. घट बसायच्या आधी गावातल्या सगळ्या घरांतून धुणं निघायचं. पावसाळ्यात ओल धरलेल्या गोधड्या, वाकळा, चादरी, पोती, सगळं बैलगाडीत घालून ओढ्यावर न्यायचं. आमच्या घरात घट बसत नसत. पण धुणं मात्र त्याच दिवशी निघायचं. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटलं नाही. गल्लीचं धुणं म्हणजे आपलंही धुणं, एवढंच कळायचं.

ओढ्याला नवं पाणी असायचं. बायका सोड्याच्या पाण्यात गोधड्या बुडवायच्या, पायानं तुडवायच्या, दगडावर आपटायच्या आणि खडकांवर पसरायच्या. आम्हा पोरांचं काम म्हणजे शेरडं गोधड्यांवरून जाऊ नयेत म्हणून राखण करायची. राखणीची मजुरी म्हणून मीठ घालून उकडलेल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा मिळायच्या. खडकावर लाल, निळे, पिवळे तुकडे उन्हात चमकत असायचे. अब्बांच्या मशीनखाली पडलेल्या चिंध्या अम्मा वर्षभर साठवायची, त्यामुळे आमच्या गोधडीत अख्खं गाव असायचं. पाटलाच्या सदऱ्याचा तुकडा, मास्तरांच्या पायजम्याचा, कुणाच्या लग्नातल्या परकराचा. आम्ही भावंडं रात्री बोट ठेवून ‘हा कुणाचा?’ असा खेळ खेळायचो.

ऑक्टोबरच्या उकाड्यात रात्री सगळे माळवदावर झोपायला जायचो. रात्री अंगावर पांघरूण नको वाटायचं आणि पहाटे दव पडायला लागलं की थंडी वाजायची. त्या वेळी झोपेतच कुणीतरी अंगावर गोधडी ओढायचं. तिला दिवसभराच्या उन्हाचा वास असायचा. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ अत्तरं पाहिली, पण त्या वासाचं अत्तर मला अजून कुठं मिळालेलं नाही.

दिवाळी हा तर आमच्या घरचाच हंगाम. गावाला नवे कपडे लागायचे, त्यामुळे अब्बांचं मशीन कंदिलाच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत चालायचं. त्या आवाजात आम्ही झोपी जायचो. शिंप्याच्या पोरांचे कपडे मात्र सगळ्यांत शेवटी शिवले जायचे. गावची गिऱ्हाइकं संपली की उरलेल्या कापडातून आमचे सदरे निघायचे. सणापेक्षा त्या शेवटच्या रात्रीचा आनंद मोठा असायचा. घरातल्या कणगीत सीताफळं पिकत घातलेली असायची. अम्मा रोज हात घालून एकेक फळ चाचपायची आणि नेमकं पिकलेलं बाहेर काढायची. आम्ही चोरून काढलेलं नेहमी कच्चं निघायचं.

पुढं मी बी. ए. झालो, सोलापुरात एका पतसंस्थेत नोकरीला लागलो आणि कविता करू लागलो. १९९४ च्या कोजागरीला माझी एक कविता रेडिओवरून वाचली गेली. खडकावर वाळणाऱ्या गोधड्या, त्यांवर उतरलेलं चांदणं, आईच्या हाताची ऊब, असं सगळं तिच्यात होतं. गावी अम्मानं आक्काच्या ओसरीवर बसून ट्रान्झिस्टरवर ती ऐकली. पुढच्या सुटीत गेलो तेव्हा मी मोठ्या आशेनं विचारलं, कशी वाटली? अम्मा आमच्या दख्खनीत म्हणाली, ‘अच्छा लिख्या. पन भिगी गोधडी कित्ती भारी हुती, तेरेकू मालूम हाय क्या?’

मी हसलो. ओली गोधडी किती जड होते, हा काही कवितेचा प्रश्न नाही, असं मला त्या वेळी वाटलं.

अब्बा गेल्यावर अम्मा आमच्याकडे सोलापूरला आली. तिच्या अखेरच्या वर्षांत एक गमतीचा योग आला. आमचं वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. त्यामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंची फेरी पुरी करते. २००४, २००५ आणि २००६ या तिन्ही वर्षी रमजानच्या महिन्यातच दिवाळी आली आणि तीन-चार दिवसांनी ईद. शेजारच्या काकूंची तेव्हा मोठी पंचाईत व्हायची. फराळाचं ताट भर दुपारी द्यायचं कसं? त्या चकल्यांचं ताट फडक्यानं झाकून आणायच्या आणि दारातूनच सांगायच्या, ‘आत्ता उघडू नका हं. बांग झाली की मग खा.’ आमच्याकडे रोजा चकलीनं सुटायचा आणि ईदेला त्यांच्या घरी शीरखुर्म्याचं पातेलं जायचं.

त्या वेळी अम्मानं एकदा मागची आठवण सांगितली. १९७२ सालीही नोव्हेंबरात ईद आणि दिवाळी अशीच लागोपाठ आली होती. पण ते दुष्काळाचं वर्ष. मी तेव्हा चार वर्षांचा. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या भाकरी खाऊन लोक दिवस काढत होते. नवे कपडे कोण शिवणार? अब्बांचं मशीन बंद होतं. अम्मा आणि आक्का दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या आणि तिथं मिळालेली सुकडी पदराला बांधून पोरांसाठी घरी आणायच्या. ओढा कोरडा पडला होता. ‘मग त्या वर्षी गोधड्या धुतल्या नसतील,’ मी म्हणालो. अम्मा म्हणाली, ‘पाणी नव्हतं, ऊन तर होतं. मी एक टोक धरलं, आक्कानं दुसरं धरलं. झटकल्या आणि उन्हात टाकल्या.’

अम्मा २००७ मध्ये गेली. ट्रंकेत तिच्या हातच्या पाच गोधड्या राहिल्या.

आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. भाद्रपदात माझी बायको न्हाणीघरात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला, घरात आम्ही दोघंच. मी नुकताच निवृत्त झालो होतो. स्वयंपाक कसाबसा जमला. पहिले आठ दिवस भाकरीला नकाशाचे आकार आले, ते आम्ही निमूटपणे खाल्ले. घट बसायला चार दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, ‘अम्मांच्या गोधड्या निघाल्या पाहिजेत. ओल धरली तर कसर लागेल.’ मी म्हणालो, एक वर्ष नाही धुतल्या तर काय होईल? त्यावर ती काही बोलली नाही. एका हातानं ट्रंक ओढायला लागली. मग मला उठावंच लागलं.

गच्चीवर मोठ्या टबात मी गोधडी भिजवली, पँट दुमडून तुडवली. तोपर्यंत सगळं मजेचं होतं. मग ती उचलायला गेलो. श्रोतेहो, ती उचलली जाईना. सात-आठ थरांची जुनी सुती गोधडी, पाणी प्यायलेली. कमरेत कळ आली. दोन्ही हातांनी ती अर्धी वर काढली आणि तिथंच थांबलो. अम्माचा प्रश्न मला त्या क्षणी ऐकू आला. तीस वर्षांनी त्याचं उत्तर माझ्या हातात होतं आणि ते मला पेलत नव्हतं.

गोधडी काठावर लोंबकळत होती, पाणी गळत होतं. एकट्यानं ती पिळताही येईना. बायको प्लास्टरचा हात छातीशी धरून बघत होती. तेवढ्यात शेजारच्या गच्चीतून काकूंनी पाहिलं. काकू सत्तरीच्या पुढच्या, गुडघे दुखणाऱ्या. एकेक पायरी करत आमच्या गच्चीवर आल्या आणि म्हणाल्या, ‘धरा ते टोक.’ दुसरं त्यांनी धरलं. मी जोर लावून पिळू लागलो, पण पाणी काही निघेना. त्या ज्या बाजूला पीळ देत होत्या त्याच बाजूला मीही देत होतो, त्यामुळे गोधडी दोघांच्या मध्ये नुसतीच गरगर फिरत होती. काकू हसून म्हणाल्या, ‘अहो कविराज, तुम्ही उलटा पीळ द्या. दोघांनी एकाच बाजूला फिरवून कुठं पाणी निघतं?’

मी बायकोला विचारलं, ‘मग इतकी वर्षं तू कशी पिळत होतीस?’ ती म्हणाली, ‘काकू असायच्या की. आणि त्यांच्या गोधड्यांना मी.’ वीस-बावीस वर्षं दर आश्विनात माझ्या घराच्या गच्चीवर हे होत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी त्या वेळी कचेरीत असायचो, किंवा कुठल्यातरी कविसंमेलनात शरदावरची कविता वाचत असायचो. रात्री घरी येऊन उन्हाच्या वासाची गोधडी अंगावर घ्यायचो आणि मला वाटायचं, हा वास ऋतूचा आहे.

साधं सुख, साधं सुख असं आपण म्हणतो. ते साधं असतं हे खरं, पण ते आभाळातून पडत नाही. पिकलेलं सीताफळ कुणीतरी रोज चाचपून ठेवलेलं असतं. अंगावर गोधडी येते, त्याआधी ती कुणीतरी पाण्यातून उचललेली असते. आणि ओली गोधडी अशी वस्तू आहे, की ती एकट्या घराला पिळता येत नाही. अम्माला आक्का लागली, बायकोला काकू लागल्या. आमच्या गल्लीत माणसं जवळ कशी आली, यावर मी व्याख्यानं दिली आहेत. त्यांत मी संतांची नावं घेतली, सूफींची घेतली. धुण्याचं नाव कधी घेतलं नाही.

बायकोचं मनगट आता बरं आहे. पण डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली आहे, त्यामुळे धुणं माझ्याकडेच राहिलं. या उन्हाळ्यात काकूंनी घर बंद केलं आणि त्या मुलाकडे पुण्याला गेल्या. गुडघ्यांना जिने झेपेनात. जाताना किल्ली आमच्याकडे ठेवून गेल्या. त्यांच्याही दोन गोधड्या कपाटात होत्या. या वर्षी घट बसायच्या आधी मी सातही गोधड्या काढल्या. उचलल्या मी; पिळताना तिनं बऱ्या हातानं टोक घट्ट धरून ठेवलं आणि पीळ मी दिला. दिवसभर गच्चीवर ऊन खात पडल्या. संध्याकाळी घड्या घालताना तिनं एका तुकड्यावर बोट ठेवून विचारलं, ‘हा कुणाचा?’ मला आठवलं नाही.

रात्री काकूंचा फोन आला. आधी तब्येतीची चौकशी, मग लगेच मुद्द्याचं.

‘गोधड्या धुतल्या का?’

‘धुतल्या. तुमच्याही धुतल्या.’

‘दुसरं टोक कुणी धरलं?’

‘आम्ही दोघांनीच केलं काकू. पीळ मी दिला.’

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग काकू म्हणाल्या, ‘उलटा दिलात ना?’