पदवी हाती आली, पुढे?

पहाटे आसनगावहून सुटणाऱ्या लोकलमध्ये शहापूर तालुक्यातले अनेक पदवीधर असतात. मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. कुणी भिवंडीच्या गोदामात जातं, कुणी ठाण्यातल्या कार्यालयात.

शिक्षणाने कमाई वाढते, यात शंका नाही. जागतिक बँकेच्या २०१८च्या आढाव्यानुसार शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे मिळकत सरासरी ९ टक्क्यांनी वाढते. पण नोकरी लागली तरच!

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४च्या भारतविषयक अहवालात एक अस्वस्थ करणारा आकडा आहे. २०२२मध्ये देशातल्या तरुण पदवीधरांपैकी २९.१ टक्के बेरोजगार होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत हे प्रमाण ३.४ टक्के होतं. अर्थात, गरिबाला काम नाकारणं परवडत नाही. वीटभट्टीवर जाणारं कातकरी कुटुंब बेरोजगारांत मोजलं जात नाही. म्हणून त्याची मजुरी पुरेशी आहे, असं मुळीच नव्हे.

शहापूरचं सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाडजवळ शिवळ्याचं शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय, यांच्यामुळे पदवीची वाट गावाजवळ आली. मुलींसाठी हे अंतर कमी होणं फार मोलाचं. मात्र मुरबाडच्या एमआयडीसीला फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियनही लागतात. तिथे नुसत्या पदवीपेक्षा आयटीआयचं कौशल्य अनेकदा आधी विचारलं जातं.

राज्य सरकारच्या २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत मात्र पदवीचंच पारडं जड राहिलं; प्रशिक्षणार्थींचं मासिक विद्यावेतन ठरलं ते असं: बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. प्रशिक्षणाची मूळ मुदत होती ६ महिने.