माँटोनेचे सूर्यघड्याळ

इटलीतील माँटोने येथे जुलै २०२३ मध्ये नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक उभे राहिले. ते एक सूर्यघड्याळ आहे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात हाताखालचे सारे जवान ठार वा जखमी झाल्यावर हा २२ वर्षांचा मराठा एकटा मशीनगनवर चालून गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मात्र मिळाला नाही.

शौर्याविषयी वाद नाहीच. परंतु कोकणातील तुटपुंज्या शेतीने माणगावच्या तरुणापुढे गिरणी किंवा पलटण याखेरीज कोणता मार्ग ठेवला होता? शिवाय ते युद्ध १९३९ मध्ये हिंदुस्थानला न विचारताच त्याच्यावर लादलेले. घाडग्यांबरोबर पडलेल्यांची नावे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत? पुढील १० जुलैला पुढाऱ्यांच्या भाषणांआधी तेवढी वाचली जावीत.